मृगाआधीचं काम: काळ्या हळदीचे डोळे

यंदा काळी हळद लावायची ज्यांच्या मनात आहे, त्यांनी रोहिणी लागायची वाट पाहू नये. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, तोवर कंदाचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, कापून ट्रेमध्ये गेलेले असले पाहिजेत. इंदुरात मृग बरेचदा नुसते ढग दाखवून निघून जातो आणि खरी ओल होते ती आर्द्रा लागता लागता, म्हणजे २० जूनच्या आसपास. ट्रेमधलं रोप जमिनीत जायला तयार व्हायला ३० ते ३५ दिवस लागतात. म्हणून मे महिन्याचा दुसरा आठवडा धरा. तिसरा चालेल. जूनमध्ये सुरुवात केली तर रोप भर पावसात लावावं लागतं, आणि आपल्या काळ्या भुईत भर पावसात पाय ठेवता येत नाही, खुरपं चालवणं लांबच.

आधी बेण्याबद्दल, कारण पैसे बुडतात ते इथेच. काळी हळद, शास्त्रीय नाव कुरकुमा सेसिया. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १८१० मध्ये तिचं वर्णन केलं. सेसिया म्हणजे निळसर करडं, आणि कंद कापला की नाव का पडलं ते कळतं. ईशान्य भारत आणि आपला मध्य भारत, इथल्या ओलसर पानझडी जंगलांतली ही झाडी. पूजेला, जडीबुटीला आणि भलभलत्या तोडग्यांना इतकी उपटली गेली की जंगलात ती विरळ झाली. दुर्मीळ म्हटलं की भाव चढतो, आणि भाव चढला की नकली माल येतो.

मी पहिल्यांदा २ किलो बेणं घेतलं ते कुरियरने मागवून. पानं आली, पानाच्या मधोमध जांभळट तपकिरी पट्टा आला, मी खूश. डिसेंबरात खणलं तर आत फिकट पिवळा कचोरा, हळदीचाच एक भाऊबंद. चूक माझीच. पट्टा कचोऱ्याच्या पानावरही असतो, त्यामुळे पट्ट्यावर विश्वास ठेवू नका. विकणाऱ्यासमोर एक कंद आडवा कापायला लावा. खऱ्या काळ्या हळदीत सालीच्या आत एक फिकट कडा दिसते आणि मधला गाभा शाईचा डाग पाण्यात पसरावा तसा निळसर. कोवळ्या बोटात निळं कमी असतं, जुन्या गड्ड्यात गडद, तेव्हा कोळशासारखा काळा कंद शोधत बसू नका. वासाकडे लक्ष द्या: कापल्या कापल्या कापराचा झणका नाकात जातो आणि त्यामागून आल्यासारखा तिखटपणा. सालीला काळा रंग फासलेला असेल तर ओल्या फडक्याला लागतो. आतून गर्द जांभळं, कंद लहान लहान गोळ्यांचा आणि पान आखूड, पट्ट्याविना, असं असेल तर ते थायलंडकडचं काळं आलं आहे. ते वाईट नाही, पण ती ही वस्तू नव्हे.

जंगलातून उपटून आणलेला कंद स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. लागवडीतला घ्या, पावती घ्या, आणि पेरा गिरदावरीत, म्हणजे पिकांच्या सरकारी नोंदीत, चढवून घ्या. पुढे माल विकताना तो शेतातला आहे हे दाखवायची वेळ आली तर हेच कागद कामी येतात.

आता किती घ्यावं? एक किलो. खरंच, एकच किलो. पाच-पाच क्विंटल बेणं गळ्यात मारून ‘सगळा माल आम्हीच परत घेऊ’ म्हणणारे दरवर्षी फिरतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. नेहमीच्या पद्धतीने २५-३० ग्रॅमचे तुकडे लावले तर किलोत ३३-४० रोपं होतात. एकडोळा पद्धतीने, म्हणजे एका तुकड्यावर एकच डोळा ठेवून, त्याच किलोत शंभराच्या आसपास होतात, म्हणून आपण ती धरायची. साध्या हळदीसाठी ही पद्धत चांगली रुळली आहे, काळ्या हळदीलाही चालते.

कंद आठ दिवस सावलीत ओलसर बारदानाखाली ठेवा, म्हणजे झोपलेले डोळे फुगतात आणि कुठे कापायचं ते दिसतं. डोळा म्हणजे कंदाच्या कड्यावरचं टोकदार बोंड. धारदार पातळ सुरी घ्या, एक गड्डा झाला की पातं स्पिरिटने पुसा. प्रत्येक तुकड्यावर एक ठसठशीत डोळा आणि ५ ते ७ ग्रॅम गर राहील असं कापा. गर कमी राहिला तर मेच्या झळीत तुकडा सुकून काथ्या होतो. मग एका लिटरला ३ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घेऊन त्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत पसरून तीन-चार तास कोरडे करा. औषध नको असेल तर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या रबडीत घोळा. दोन्ही एकाच दिवशी करू नका.

ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. ट्रे नसेल तर चहाचे कागदी पेले बुडाला भोक पाडून वापरा, मी तेच करतो. डोळा वर, त्यावर दोन बोटं माती. ट्रे हिरव्या जाळीखाली किंवा आंब्याच्या दाट सावलीत ठेवा. पहिले दोन आठवडे वर काहीच दिसत नाही, आणि माणूस घाबरून पाणी ओतत सुटतो. ओतू नका. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये. सकाळी एकदा फवारा, लू असेल तर संध्याकाळी परत. दोन पानं उलगडली की रोप तयार.

जमिनीचं काम ट्रे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी काढा. सपाट काळ्या जमिनीत ही हळद लावणं म्हणजे ती पुरणं. माझं दुसऱ्या वर्षीचं बेणं, जे खरं होतं, ते मी सांवेरकडच्या शेतात सपाट वाफ्यात लावलं. भादव्यात झड लागली, तीन दिवस पाणी हटेना. चौथ्या दिवशी पान धरून जरा ओढलं तर अख्खं खोड हातात आलं, खाली बुळबुळीत तपकिरी लगदा आणि कुजकट वास. कंदकुज ती हीच. पिथियम बुरशीला साचलेलं पाणी मिळालं की औषध मागे पडतं.

म्हणून गादीवाफा. एक मीटर रुंद, ३० सेंमी उंच, दोन वाफ्यांत अर्ध्या मीटरची चर, आणि चरीचं तोंड उताराला शेताबाहेर निघालेलं. ते तोंड बंद राहिलं तर गादीवाफा हा तळ्यातला ओटा होतो. सोयाबीन रुंद वरंब्यावर टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. राऊ-महूकडच्या मुरमाड, उताराच्या जमिनी याला जास्त बऱ्या, फक्त खत सढळ हाताने घाला.

खताचं म्हणाल तर जगाला ‘इंदूर पद्धत’ म्हणून कंपोस्ट शिकवलं गेलं ते आपल्याच गावात. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, तीन वेळा उलटून, तीनेक महिन्यांत खत करून दाखवलं. आपण मात्र सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, जाळतो आणि खताच्या गोण्या विकत आणतो! असो. शंभर रोपांना एक मीटर रुंदीचा ९ ते १० मीटर लांब वाफा लागतो. त्याला ४० किलो कुजलेलं खत आणि २ किलो निंबोळी पेंड मिसळा. शेण कच्चं असेल तर अजिबात घालू नका, मुळं खाणारी हुमणी अळी आणाल.

आर्द्रात दोन चांगले पाऊस झाले, वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की ३० बाय ३० सेंमीवर रोपं लावा. ट्रेमधली मातीची गुठळी फुटू देऊ नका. लावल्या दिवशीच वाफा पाचोळ्याने झाका, सुकं गवत किंवा सोयाबीनचं कुटारही चालेल, आणि दीड-दोन महिन्यांनी परत एक थर द्या. या आच्छादनाने तण अर्धं कमी होतं आणि पावसाच्या माराने कंद उघडा पडत नाही. ही जंगलातली झाडी असल्याने विरळ सावली तिला मानवते. पेरूच्या किंवा आंब्याच्या बागेत, केळीच्या ओळींमध्ये, शेवग्याच्या कडेला छान येते. भर उन्हात पानांच्या कडा करपतात, पण झाड मरत नाही.

पहिल्या पावसात पानांच्या बाजूला थेट जमिनीतून एक कणीस वर येताना दिसलं तर तण समजून उपटू नका. तो फुलाचा दांडा आहे, शेंड्याला गुलाबी-लालसर पाकळ्यांसारखी पानं आणि मधून डोकावणारी फिकट पिवळी फुलं. बेणं वाढवायचं असेल तर तो कापावा असं शास्त्र सांगेल. मला ते जमत नाही, मी ठेवतो. बी धरायची आशा मात्र ठेवू नका, वाढ कंदावरच.

ऑगस्टमध्ये एकदा भरणी करा, म्हणजे बुंध्याशी माती चढवा. कंद उघडा राहिला की कंदमाशी अंडी घालते. मधला पोंगा पिवळा पडून सुकला आणि खोडाला भोक, भोकाशी भुसा, तर तो खोडकिडा. ते खोड जमिनीलगत कापून जाळा. सप्टेंबरात पानावर करप्याचे ठिपके आले तर मॅन्कोझेबची एक फवारणी बहुधा पुरते. पाऊस लवकर गेला तर ऑक्टोबरच्या उन्हात आठवड्याने पाणी द्या, दिवाळी झाली की हळूहळू तोडा.

मग पानं पिवळी पडतात, लोळतात, डिसेंबरात जमीन मोकळी दिसते. नव्या माणसाचा दर वर्षीचा प्रश्न: ‘झाड मेलं का?’ मेलं नाही, झोपलं. या दिवसांत पाणी दिलं तर मात्र खरंच मरेल. माळव्याची थंडीही त्याला बाधत नाही, ते जमिनीखाली असतं.

इंदूरच्या सराफ्यात थंडीत गराडू या कंदाच्या तळणाच्या कढया चढल्या की खणायचे दिवस आले समजा, संक्रांतीपर्यंत आटपा. कुदळ झाडापासून वीतभर लांब घाला, जखमी कंद टिकत नाही. जेठा (मधला मोठा) गड्डा आणि बगल (बाजूचे) गड्डे वेगळे करा, मुळ्या काढा, पाण्याने धुवू नका. एका रोपाला पाव किलो धरला तरी शंभर रोपांचे २५ किलो होतात, म्हणजे पुढच्या वर्षी अडीच हजार डोळे आणि सव्वादोनशे चौरस मीटर. म्हणून पहिली दोन वर्षं काही विकू नका. बाखलीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, काकू लक्ष्मीपूजनाला एक गाठ मागतील, ती द्या. विकायची वेळ येईल तेव्हा साध्या हळदीसारखी शिजवू नका, कापराचं तेल उडून जातं. चकत्या करून सावलीत वाळवा, आणि लावायच्या आधीच इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा नीमचच्या मंडीत कोण घेतो, कसा घेतो, हे स्वतः जाऊन विचारून या. मोबाईलवर फिरणारे भाव हे विकणाऱ्याचे असतात, घेणाऱ्याचे नव्हेत.

बेण्याचे कंद जुन्या माठात कोरड्या वाळूचे थर देऊन ठेवा, माठ घरातल्या गार कोपऱ्यात, तोंडाला फडकं. मार्चमध्ये एकदा उपसून पाहा, मऊ लागेल तो फेका, सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलका हात मारा. मे लागला की पुन्हा सुरी काढायची.