जबड्याचं मेलेलं हाड: एक्स-रे आणि बायोप्सीतल्या या चुका टाळा

दात काढून दोन महिने झाले, खड्डा भरत नाही, हाड उघडं पडलंय. हाडांच्या औषधांमुळे जबड्याचं हाड मरतं (एमआरओएनजे), ते असं दिसतं. असा रुग्ण आला की सगळे आधी ओपीजीकडे, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एकत्र एक्स-रेकडे, धावतात. त्याआधी विचारा: हाडांसाठी कधी इंजेक्शन किंवा सलाईन घेतलंत का? ‘औषधं कोणती चालू आहेत?’ असं विचारलं की बीपी आणि शुगरच्या गोळ्या एवढंच उत्तर येतं. हाडाची झीज रोखायला सहा महिन्यांनी टोचलेलं डेनोसुमॅब किंवा वर्षातून एकदा चढवलेलं झोलेड्रोनिक ॲसिड रुग्णाच्या हिशेबात औषध नसतंच. परळला (टाटा मेमोरियलमध्ये) कर्करोगाचे उपचार झालेल्या रुग्णाकडे जुनी फाइल मागाच. ‘बंद करून दोन वर्षं झाली’ म्हणून निर्धास्त होऊ नका. झोलेड्रोनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षं राहतं. त्याच फाइलीत जबड्याला रेडिएशन दिल्याची नोंद सापडली, तर निदानाची वाटच बदलते.

ओपीजी ‘नॉर्मल’ म्हणजे हाड ठीक, हा समज सोडा. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काळा डाग उमटत नाही. दात काढून कित्येक महिने झाले तरी खड्ड्याची रेघ स्पष्ट दिसतेय का, लॅमिना ड्युरा (दाताच्या खड्ड्याचं पातळ हाडाचं अस्तर) जाड झालाय का, एका बाजूचं हाड जास्त पांढरं आहे का, हे दोन्ही बाजू ताडून पाहा. सुटलेला तुकडा आणि कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं टणक कवच) पाहायला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, उत्तम, पण त्यातल्या करड्या छटांना सीटीचे हाउन्सफिल्ड (घनतेचे) आकडे समजू नका. मगज (हाडाच्या आतला मऊ भाग) कुठवर बिघडलाय ते एमआरआय सांगतो. त्यातल्या टी-१ प्रकारच्या चित्रांवर तो काळवंडलेला दिसतो. पेट स्कॅनवर जबडा चमकला म्हणजे मेटास्टॅसिसच (दुसरीकडून पसरलेला कर्करोग), असंही नाही.

उघडं हाड दिसलं की तुकडा काढायची घाई नको. एमआरओएनजेचं निदान मुख्यतः क्लिनिकल, म्हणजे इतिहास आणि तपासणीवरून होणारं, आहे: औषधाचा इतिहास, आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडं हाड किंवा प्रोब (तपासणीची बारीक सळई) हाडाला लागेल असं छिद्र, आणि जबड्यात ना रेडिएशन, ना मेटास्टॅसिस. नव्या कापामुळे आणखी एक न भरणारी जखम होते. बायोप्सी करायची ती गाठ, कडा उचललेला व्रण किंवा मेटास्टॅसिसची शंका असेल तेव्हा.

आणि केलीच, तर ती लॅबमध्ये वाया जाऊ देऊ नका. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. शुक्रवारी संध्याकाळी अर्ध्या बाटली फॉर्मॅलिनमध्ये तुकडा येतो, तो नीट फिक्स होण्याआधीच (पेशी टिकाव धरण्याआधीच) हाड मऊ करायला नायट्रिक ॲसिडमध्ये पडतो आणि सोमवारीच बाहेर निघतो. ॲसिड जास्त झालं की केंद्रकं रंगच घेत नाहीत. जिवंत हाडातल्या पेशींच्या पोकळ्याही रिकाम्या दिसतात आणि रिपोर्ट येतो ‘मृत हाड’. मगजात कर्करोगाच्या पेशी असल्या तर त्याही फिक्या पडतात, ईआर-पीआरसारख्या (स्तनाच्या कर्करोगातल्या हार्मोन रिसेप्टरच्या) तपासण्यांवर भरवसा राहत नाही. म्हणून तुकड्याच्या किमान दहापट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन घ्या, २४ ते ४८ तास फिक्स होऊ द्या. मऊ भाग आधीच वेगळा काढून डिकॅल्सिफिकेशनशिवाय (खनिज काढून टाकण्याशिवाय) प्रोसेस करा. हाडातलं खनिज काढायला ईडीटीए किंवा फॉर्मिक ॲसिड ही सौम्य रसायनं वापरा. जास्त दिवस लागतात, लागू द्या. स्लाइड वाचताना हाडाशेजारच्या पेशी पाहा: त्यांचीही केंद्रकं फिकी असतील तर दोष ॲसिडचा.

ॲक्टिनोमायसिस या जिवाणूच्या वसाहती दिसल्या म्हणून तेवढ्यावर रिपोर्ट संपवू नका. उघड्या मेलेल्या हाडावर त्या बऱ्याचदा असतात. कडेच्या एपिथेलियमची (तोंडाच्या अस्तराची) खोल वाढ घाईत स्क्वॅमस कार्सिनोमा (अस्तराचा कर्करोग) वाटू शकते.

२०२१ च्या कोविडनंतरच्या साथीनंतर तरी म्युकर (काळी बुरशी) विसरायला नको: बुरशी दाखवणारे पीएएस आणि जीएमएस रंग मागवा, रुंद, क्वचितच पडदे असलेले धागे शोधा. कल्चरसाठी एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये बुडाल्यावर तो कल्चरच्या कामाचा राहत नाही. फॉर्मवर औषधाचं नाव, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहा, सोबत स्कॅनच्या प्रती जोडा.