लिव्हरचा कॅन्सर: घरी होणाऱ्या या चुका टाळा

रात्री दोनला बाबा खाटेवर उठून बसले अन् म्हणाले, "बैलं सोडली काबे?" बैल विकून आम्हाला सहा वर्षं झाली होती. तीन दिवसांपासून दिवसभर झोप, रात्रभर जाग असंच चाललं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं दिसते, उतारा करा.

बाहेरचं काही नव्हतं. बाबांना तीन दिवस संडासच झाली नव्हती, कारण लॅक्टुलोजचं ते गोड, चिकट औषध मीच बंद केलं होतं, जुलाब होतात म्हणून. अहो, ते असतंच त्यासाठी! लिव्हर थकलं की आतड्यातला अमोनिया रक्तात साचतो आणि मेंदूवर चढतो. दिवसातून दोन-तीनदा मऊ संडास व्हावी, असा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पेशंटला दोन्ही हात पुढे करून पंजे वर ताठ धरायला सांगा. पंजे फडफडले किंवा बोलणं भरकटलं, तर लगेच गाडी काढा. काळी डांबरासारखी संडास किंवा रक्ताची उलटी झाली तरी तसंच.

आमचं सगळं लक्ष बाबांच्या लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठीवर होतं. पण बहुतेक पेशंटचं लिव्हर सिरोसिसनं (म्हणजे लिव्हर आकसून कडक होण्यानं) आधीच खराब झालेलं असतं, आणि गाठ काढायची, जाळायची, मांडीच्या नसेतून औषध सोडायचं की गोळ्या द्यायच्या, हे उरलेलं लिव्हर किती झेपवेल त्यावरही ठरतं. घरी लिव्हर बिघडवलं तर चालून आलेला उपचारही हातचा जातो.

आमचा पहिला महिना तर कावीळ उतरवणाऱ्याकडे गेला. गळ्यातली माळ रोज लांबायची, घरचे खूश. माळेतल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. डोळे मात्र पिवळेच होते.

गुळवेलाचा काढाही नको. त्यानं लिव्हरला इजा झालेले पेशंट आपल्याकडेच नोंदले गेलेत. कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणू नका, किडनी बसते. गंमत म्हणजे लोक घाबरतात पॅरासिटामॉलला, जे डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी मात्रेत चालतं.

पथ्याचं तर उलटंच. वरण बंद, अंडी बंद, आणि ताटात लोणचं-पापड सुरू! पोटात पाणी भरतं ते मिठानं. वरण, अंडी, दही हवंच, नाहीतर दंड-मांड्या वाळतात. झोपण्याआधीही थोडं खायला द्या. रोज सकाळी वजन लिहून ठेवा.

"सुई लावली की पसरतो" म्हणून तपासणी टाळणारे भेटतात. सिरोसिस असेल तर अनेकदा तीन टप्प्यांत फोटो घेणाऱ्या ट्रिपल फेज सीटीवरच निदान होतं, तुकडा काढायची सुई लागतही नाही. निदानासाठी साध्या सोनोग्राफीवर मात्र थांबू नका.

पेशंटला हिपॅटायटिस बी (लिव्हरला धरणारा विषाणू) निघाला तर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा आणि ज्यांना नाही त्यांना लस द्या. ज्याला सिरोसिस आहे त्याची दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी.

रोख भरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनीसाला) गाठा; महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. आणि सीटीची सीडी. आम्ही नागपूरला नुसता रिपोर्ट घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, फोटो दाखवा. सीडी घरी, टीव्हीच्या मागे.