वायरमनला फोन करण्याआधी : वाढलेल्या वीजबिलाचं कारण शोधायची तयारी

बिल अचानक वाढलं की पहिला संशय मीटरवर जातो, नाहीतर दिवे-पंखे चालू ठेवण्यावरून घरात कुरबुर सुरू होते. दोन्हींतून फारसं काही हाती लागत नाही. दडलेलं कारण तीन ठिकाणी असू शकतं : बिलाच्या कागदावर, मीटरपासून घरापर्यंत येणाऱ्या तारेत, किंवा घरातल्या एखाद्या उपकरणात. शोध याच क्रमाने घ्यावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कागद तपासायला पैसे लागत नाहीत, तारेचा प्रश्न अर्ध्या तासात कळतो, आणि उपकरणांवर खर्च करायची वेळ त्यानंतर येते. बहुतेक घरांत मात्र उलटं होतं. आधी नवा फ्रिज येतो आणि सहा महिन्यांनी कळतं की दोष न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या, तारेत होता.

सुट्टीची एखादी सकाळ यासाठी राखून ठेवा, शक्यतो पाऊस नसलेली. आदल्या रात्री गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. कागदी नसतील तर वीज कंपनीच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात. एक वही, पेन, चार्ज केलेला मोबाइल, टॉर्च आणि पायात घालायला कोरडी रबरी चप्पल लागेल. सोसायटीतल्या मीटर खोलीची किल्ली कोणाकडे असते ते रात्रीच विचारून ठेवा, कारण रविवारी सकाळी वॉचमनला शोधण्यातच तास जातो. सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅट मीटर ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात मिळतो. तो मिळाला तर काम सोपं होतं, नाहीतर त्यावाचूनही चालतं. घरच्यांना वेळ सांगून ठेवा. घरात कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा तसलं यंत्र लागत असेल, तर मेन बंद करायची चाचणी त्यांची पर्यायी सोय झाल्याशिवाय करूच नका.

झोपण्यापूर्वी आणखी एक काम. मीटरचं रीडिंग दशांशासकट वहीत लिहा, शेजारी वेळ लिहा, फोटो काढा. सकाळी उठल्यावर, गिझर लावण्याआधी, पुन्हा तेच करा. हे दोन आकडे पुढे उपयोगी पडतील.

आता कागद. बिलाच्या रकमेकडे सध्या बघू नका, युनिट बघा. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्या दोहोंमधले दिवस मोजा. युनिटला दिवसांनी भागून रोजचा वापर काढा आणि तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करण्यात अर्थ नाही. रोजचे युनिट तेवढेच असतील आणि फक्त रक्कम वाढली असेल, तर घरात शोधण्यासारखं काही नाही. मग इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा), स्थिर आकार, थकबाकी आणि समायोजित रक्कम हे रकाने वाचा. आर्थिक वर्ष संपल्यावर वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिलही येतं. ते वापराचं बिल समजून माणसं घाबरतात.

महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या युनिटचा दर पहिल्यापेक्षा बराच चढा असतो. त्यामुळे वापर थोडासाच वाढला तरी वाढलेली सगळी युनिटं महागड्या टप्प्यात पडतात आणि रक्कम त्यामानाने जास्त उडी घेते. हे समजून घेतलं की पन्नास युनिटांची गळतीही का शोधायची ते कळतं. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल किंवा गोव्यात राहत असाल, तर बिलाची मांडणी आणि दर वेगळे, पण तपासायची रीत हीच.

रीडिंगच्या जागी सरासरीने बिल आलंय का हेही बघा. मीटर स्थितीच्या रकान्यात लॉक, फॉल्टी किंवा रीडिंग उपलब्ध नाही अशा अर्थाचा शेरा असतो. 2020 च्या जूनमध्ये महाराष्ट्रभर बिलांचा जो गहजब झाला तो आठवत असेल. लॉकडाऊनमुळे रीडिंग थांबलं होतं, बिलं हिवाळ्याच्या कमी सरासरीने गेली, आणि रीडिंग सुरू झाल्यावर उन्हाळ्यात घरी बसून झालेला सगळा वापर एकदम अंगावर आला. तसं लहान प्रमाणात आजही होतं. मीटर खोलीला कुलूप असेल तर दोन-तीन महिने कमी बिल येतं आणि मग फरकासह मोठं. बिलावरचं चालू रीडिंग आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर चूक तिथेच सापडली.

कागद नीट असेल तर मीटर खोलीत चला. पहिलं काम मीटर क्रमांक ताडून बघायचं : बिलावरचा आणि मीटरवर छापलेला. दोन्ही जुळले तरी तो मीटर तुमच्याच घराचा आहे याची खात्री होत नाही. नव्या इमारतींत जोडणी करताना दोन फ्लॅटच्या तारा उलटसुलट होतात आणि शेजाऱ्याचं बिल तुम्ही, तुमचं तो, असे भरत राहता. म्हणून एकाने घरी थांबून मेन स्विच बंद करायचा आणि दुसऱ्याने खाली कोणत्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो ते बघायचं. घरी इन्व्हर्टर असेल तर आधी तो बंद करून प्लग काढा, नाहीतर मेन बंद करूनही पंखे फिरत राहतील आणि गोंधळ होईल.

मेन बंद असूनही तुमच्या मीटरचा दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि घर यांच्यामध्ये कोणीतरी तार जोडली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. जिन्यातला दिवा, पार्किंगमधला सॉकेट, बांधकामाच्या वेळी कंत्राटदाराने तात्पुरती म्हणून घेतलेली आणि नंतर तशीच राहून गेलेली जोडणी, असं काहीही निघतं. तार ओढून बघण्याचा मोह टाळा. फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, ते तोडणं गुन्हा आहे.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती फारच थोडे लोक करतात. मेन स्विच चालू ठेवा आणि आतल्या डीबीतले (वितरण पेटीतले) एकेरी एमसीबी, म्हणजे प्रत्येक लाइनचे छोटे सुरक्षा स्विच, सगळे खाली करा. एकेरी एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरात काहीच चालू नाही, तरी मीटर लुकलुकतोय आणि त्यावरचा ‘ई/एल’ असा छोटा दिवाही लागलाय असं दिसलं, तर शेजारच्या घराचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडला गेलाय असा दाट संशय घ्यावा. आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर वीजचोरी पकडता यावी म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात, आणि दोहोंत फरक पडला तर जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या गिझरचा परतीचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून गेला की भुर्दंड तुम्हाला, आणि त्यात शेजाऱ्याचा काही दोषही नसतो. वाटणी झालेले वाडे, दोन खोल्या जोडून केलेली चाळीतली घरं, दोन फ्लॅट एक केलेले किंवा एकाचे दोन केलेले, नूतनीकरणात जुन्या पाइपातून नवी वायर ओढलेली, अशा जागी हे हमखास तपासावं. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. त्यांच्या घरी इस्त्री किंवा गिझर लावल्यावर तुमच्या मीटरच्या दिव्याचा वेग वाढला तर शंका उरत नाही.

आता एमसीबी एकेक करून वर करा, पण घरातले सगळे स्विच बंद आणि सगळे प्लग काढलेले असू द्या. एखादा एमसीबी वर केल्यावर काहीही चालू नसताना मीटर लुकलुकू लागला, तर त्या लाइनवर गळती आहे किंवा विसरलेलं काहीतरी जोडलेलं आहे. माळ्यावरचा एक्झॉस्ट पंखा, गच्चीतला दिवा, फॉल्स सीलिंगमधला एलईडी पट्टीचा ड्रायव्हर. ओल धरलेल्या भिंतीतली जुनी वायरही इथेच पकडली जाते. नळाला किंवा गिझरच्या पाइपला झिणझिण्या येत असतील तर ही यादी बाजूला ठेवा, मेन बंद करा आणि लगेच वायरमनला बोलवा.

मीटरच्या दिव्यावरून वॅट काढता येतात. मीटरवर एका युनिटला किती पल्स (लुकलुकी) ते छापलेलं असतं, बहुधा 3200 किंवा 1600. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. 3200 असेल तर 1125 ला, आणि 1600 असेल तर 2250 ला, त्या सेकंदांनी भागा. 3200 पल्सच्या मीटरवर दर 15 सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकला तर भार 75 वॅटचा. ऐकायला क्षुल्लक, पण 75 वॅट चोवीस तास चालले तर महिन्याला 54 युनिट होतात. आता रात्रीचे ते दोन आकडे घ्या. रात्रीचे युनिट तासांनी भागले की घर झोपलेलं असताना दर तासाला काय जातं ते कळेल. फ्रिज, पंखे आणि राउटर यांचा हिशेब लावूनही बरंच काही उरत असेल, तर शोध सुरू ठेवा.

उपकरणांत मी पाण्यापासून सुरुवात करते. बंगला किंवा रो-हाउस असेल आणि खालच्या टाकीतून वर पाणी चढवायचा पंप तुमच्या मीटरवर असेल, तर पंप दिवसातून किती वेळ चालतो ते आठवडाभर लिहा. एक एचपी म्हणजे 746 वॅट, पण मोटर घेते त्याहून जास्त. फ्लशच्या टाकीतलं वॉशर झिजलं की पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहतं, वरची टाकी उतरते आणि स्वयंचलित पंप पुन्हा पुन्हा लागतो. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात रंग आला तर गळती पक्की. माझ्या मावशीच्या बंगल्यात बिलाचं कारण हेच निघालं. तिथे इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला होता, शेवटी बोलवावं लागलं प्लंबरला. फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या तोंडाची झडप) खराब असेल तर पंप पाणी न ओढताच फिरत राहतो, तेही बघा.

गिझरचं गणित साधं आहे. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतात, यात काटकसरीला जागा नाही. जागा आहे ती चालू राहून गेलेल्या तासांत, कारण तापलेलं पाणी थंड होतं आणि गिझर ते पुन्हा तापवतो. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात. शेवटची सफाई कधी झाली ते वहीत लिहा.

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर गेलंय. फ्रिजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना 365 ने भागा. वॅट मीटरने मोजलेला रोजचा वापर त्याहून थोडा जास्त येणं साहजिक आहे, दुपटीच्या पुढे गेला तर दुरुस्तीवाल्याला विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली असेल तर ती सतत चार्जिंग ओढत राहते. लाइट फारशी जात नसतानाही बॅटरी गरम लागणं आणि तिचं पाणी लवकर आटणं ही खूण. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी चालूच असतो. सतत 10 वॅट म्हणजे महिन्याला 7.2 युनिट. एसीच्या फिल्टरची सफाई आणि 24 अंशांची सवय याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. एसीचा स्टॅबिलायझर मात्र हिवाळ्यातही चालू राहतो, तो भिंतीवरच्या स्विचनेच बंद करा.

एवढं झाल्यावर वायरमनला बोलवा आणि त्याला वही दाखवा. क्लॅम्प मीटर (तारेतला प्रवाह मोजणारा) आणि मेगर (वायरच्या आवरणातली गळती तपासणारा) घेऊन यायला फोनवरच सांगा. फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह वेगवेगळा मोजून आकडे लिहून द्यायला सांगा. नुसतं ‘सगळं ठीक आहे’ म्हणून पैसे घेणाऱ्याकडून कारण सापडत नाही.

घरात आणि तारेत काही निघालं नाही, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. सोबत तारखेचे फोटो, रोजचं रीडिंग आणि मेन बंद केल्यावर काय दिसलं ते जोडा. फोनवर तक्रार 1912 ला नोंदवता येते, पण तिचा क्रमांक घेऊन ठेवा. कार्यालयात दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. तोवर जोडणी तुटेल या भीतीने पूर्ण रक्कम भरायची गरज नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 56(1) नुसार, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. अर्जात हे कलम लिहा, ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं स्पष्ट लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.