फाइन आर्ट कागद घेताय? आधी शाई बघा

‘कुठला कागद घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, प्रिंटरमध्ये शाई कुठली आहे, डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट (रंगाचे बारीक कण)? चार रंगांच्या साध्या प्रिंटरमध्ये रंग बहुधा डायचेच असतात. अशा प्रिंटरसाठी शंभर टक्के कापसाचा कागद आणण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कागद टिकेल, पण चित्र त्याच्या कितीतरी आधी उडेल.

पिगमेंट असेल तर पुढचा प्रश्न काळ्याचा. फोटो प्रिंटरमध्ये बऱ्याचदा दोन काळ्या शाया असतात. मॅट कागदाला मॅट ब्लॅक लागते. ग्लॉसी, सेमी-ग्लॉस आणि बॅराइटाला (बेरियम सल्फेटचा थर असलेला चमकदार कागद) फोटो ब्लॅक. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर धरत नाही, बोट लागलं की पुसली जाते. काही प्रिंटरमध्ये या दोघींना वाट एकच असते आणि अदलाबदल करताना दर वेळी थोडी शाई वाया जाते. तुमचा तसला असेल तर दोन्ही जातींचे कागद आलटून पालटून वापरायचा मोह टाळा.

मग जाडी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जाडी नव्हे. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग हा कागद 308 जीएसएमचा आहे आणि जाडीला जवळजवळ अर्धा मिलिमीटर भरतो. पुढच्या ट्रेतून वळसा घेऊन जाणाऱ्या प्रिंटरच्या तो घशाखाली उतरत नाही. मागून किंवा सरळ जाणारी वाट हवी. मॅन्युअलमध्ये कमाल जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती बघूनच कागद मागवा.

एवढ्यातून जे उरतील त्यांतून निवड फोटोने करायची, आणि त्यातही फोटोतल्या सावल्यांनी. मॅट कागदावरचा गडदातला गडद काळा घनतेच्या मापात साधारण 1.6 ते 1.7 पर्यंत जातो, बॅराइटा 2.2 च्याही पुढे. रात्रीचा रस्ता, काळा दगड, खिडकीतून येणारी एकच तिरीप, असलं काही असेल तर मी बॅराइटा काढते. धुकं, चेहरे, ढगाळ उजेड मॅटवर छान बसतात. बॅराइटाची एक खोड मात्र आहे. प्रिंट तिरकी धरली की शाई असलेला भाग आणि कोरा पांढरा भाग वेगवेगळे चमकतात. खरखरीत पोताच्या कागदांचं मला कौतुक नाही. ए4 आकारात तो पोत पापण्या आणि केसांसारखे बारकावे खाऊन टाकतो. मोठ्या प्रिंटला ठीक.

पांढरेपणाला भुलू नका. अंधारात कागदावर यूव्ही टॉर्च मारा. निळसर झगझगला तर त्यात ऑप्टिकल ब्रायटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, आहेत. त्यांचा असर वर्षागणिक ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. अल्बमसाठी मला ते चालतात. भिंतीवर लावायच्या किंवा कोणाला द्यायच्या प्रिंटला नाही.

मोठं पाकीट घेण्याआधी सॅम्पल पॅक घ्या आणि सगळ्या कागदांवर एकच फाइल छापा. माझ्या फाइलमध्ये एक चेहरा असतो आणि खाली चौकोनांची पट्टी: आरजीबी 0 (पूर्ण काळा), 5, 10, 15 असं 50 पर्यंत. प्रिंट रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी बघा. कुठले दोन चौकोन एकमेकांत मिसळले? एका कागदावर 10 आणि 15 वेगळे दिसतात, दुसऱ्यावर 20 पर्यंत सगळा एकच काळा गठ्ठा. पाकिटावरच्या वर्णनापेक्षा मला ही पट्टी जास्त सांगते.

ही तुलना खरी व्हायची तर प्रत्येक कागदाचं, तुमच्याच प्रिंटर मॉडेलसाठीचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) हवं. कागद बनवणारे ते सहसा फुकट देतात. तुमच्या मॉडेलचं नसेल तर तो कागद सोडून द्या. छापताना रंगांचा कारभार सॉफ्टवेअरकडे ठेवा आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होऊन चेहरे भलत्याच रंगाचे येतात. ड्रायव्हरमधला मीडिया टाइप (कागदाचा प्रकार) कागदवाल्यांनी सांगितलाय तोच लावा. शाई किती पडणार हे त्यावर ठरतं, आणि पुष्कळ प्रिंटरमध्ये शाई सोडणारं हेड किती वर राहणार हेही. हेड खाली राहिलं तर जाड कागदाच्या कडेला घासतं.

छापायची बाजू ओळखू येत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा. किंचित चिकटते ती कोटिंगची. कापसाच्या कागदावर बारीक तंतू आणि कोटिंगची भुकटी असते. ती तशीच राहिली तर शाई तिच्यावर पडते, कण नंतर गळतो आणि गडद आकाशात पांढरा ठिपका उरतो. म्हणून कागद उभा धरून मऊ, रुंद ब्रशने हलकेच झाडा, प्रिंटरपासून लांब. उरलेले कागद त्यांच्याच पिशवीत, आडवे ठेवा.