जुन्या ट्रकच्या रेडिओला म्युझिक प्लेअर जोडताना या चुका टाळा

जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डमधला मूळ रेडिओ न काढता त्यावर आपल्या आवडीची गाणी ऐकायची असतील, तर काम वरवर सोपे दिसते. प्लेअरच्या हेडफोन जॅकमधून एक वायर रेडिओत न्यायची आणि चार्जिंगची दुसरी वायर लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची. पण बहुतेक बिघाड या दोन वायरी एकाच वेळी जोडल्यावर होतात, कारण त्यांचा अर्थ (इंग्रजीतला ‘earth’, म्हणजे विजेच्या परतीची जोडणी) गाडीच्या बॉडीशी जुळतो की नाही हे आधी तपासलेले नसते.

फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये १९५५ पर्यंत ६ व्होल्टची बॅटरी असे आणि तिचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. १९५६ पासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आले. १९५४ पर्यंतच्या शेव्हर्ले ट्रकमध्ये बॅटरी ६ व्होल्टचीच असली तरी बॉडीला निगेटिव्ह टोक जोडलेले असे. अर्थात, मूळ रचना माहीत असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण इतक्या वर्षांत कोणीतरी वायरिंग बदललेले असते किंवा गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून ८ व्होल्टची बॅटरी बसवलेली असते. पाणी भरण्याची झाकणे मोजली तर तीन झाकणे म्हणजे ६ व्होल्ट आणि सहा म्हणजे १२ व्होल्ट. त्यानंतर मल्टिमीटरची काळी पिन रंग खरवडून उघड्या केलेल्या बॉडीच्या पत्र्यावर आणि लाल पिन बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकावर टेकवावी. आकड्यापुढे उणे चिन्ह दिसले, तर गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे.

अशा गाडीत नेमके काय घडते, हे नीट समजून घ्यायला हवे. साधा कार चार्जर चालावा म्हणून त्याची टोके बॅटरीच्या टोकांशी बरोबर जोडली, की यूएसबीची निगेटिव्ह तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाशी थेट जोडली जाते. प्लेअरच्या आत तीच तार हेडफोन जॅकच्या अर्थशी एक होते आणि तो अर्थ आपण रेडिओच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला), म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला, जोडलेला असतो. म्हणजे बॅटरीची दोन्ही टोके प्लेअरमधून एकमेकांना भिडतात. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे : जॅकजवळची बारीक वायर मऊ पडली, प्लास्टिकचा वास सुटला आणि मी सॉकेटमधून चार्जर उपटेपर्यंत प्लेअर गेला होता. सॉकेटचा फ्यूज मात्र शाबूत राहिला, कारण तो लायटरसाठी बसवलेला, १५ अँपिअरचा होता. तेव्हापासून प्लेअरच्या वीजजोडणीला मी १ किंवा २ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज लावतो.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर किंवा सुट्या पॉवर बँकेवर चालवणे हाच माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. चार्जिंग गाडीतूनच हवे असेल, तर ज्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या पूर्ण वेगळी आहे असाच कन्व्हर्टर घ्यावा आणि प्लेअरचे धातूचे अंग डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकू देऊ नये. ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टसाठी बनवलेला चार्जर बहुधा नीट चालत नाही.

वायरीऐवजी एफएम ट्रान्समीटर (प्लेअरची गाणी एफएम लहरींवरून रेडिओला पाठवणारे उपकरण) घेण्याआधी रेडिओवर एफएम आहे का ते पाहावे, कारण त्या काळातले बहुतेक रेडिओ फक्त एएमचे असतात.

रेडिओ उघडून आत वायर जोडणार असाल, तर व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) रेडिओत २०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि रेडिओ बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो, हे विसरू नये. सिग्नल व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला (जिथे रेडिओचा स्वतःचा सिग्नल येतो त्या, अर्थला न जोडलेल्या) द्यावा आणि व्हॉल्व्हच्या रेडिओत मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा, म्हणजे रेडिओतला डीसी दाब प्लेअरपर्यंत पोहोचत नाही. जुना रेडिओ मोनो असतो, म्हणजे त्यात डावा-उजवा आवाज वेगळा नसतो. म्हणून डाव्या-उजव्या वायरी थेट पिळून एकत्र करण्याची चूक सर्रास होते. त्यामुळे प्लेअरचे दोन अँप्लिफायर एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येक वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच त्या जोडाव्यात. स्पीकर सुटलेला असताना व्हॉल्व्हचा रेडिओ चालवू नये. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो.

जोडणी बरोबर असूनही आवाजात खरखर असेल, तर पार्ट बदलत सुटण्याआधी कान द्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी चार्जिंगच्या बाजूची असते. त्याच वेगाने होणारी टकटक इग्निशनची असते आणि ती रेझिस्टर असलेल्या प्लग वायरी लावल्यावर कमी होते. इंजिन बंद असतानाही एकसुरी गुणगुण येत असेल, तर संशय रेडिओतल्या व्हायब्रेटरवर (बॅटरीच्या कमी दाबापासून जास्त दाब मिळवण्यासाठीच्या कंप पावणाऱ्या स्विचवर) किंवा फिल्टर कपॅसिटरवर घ्यावा. शिट्टी चार्जर काढताच थांबली, तर तो ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमुळे तयार झालेला फेरा) असतो आणि ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणारा) बसवल्यावर तो सुटतो. चार्जर काढूनही ती थांबली नाही, तर डायनॅमोवर सप्रेशन कपॅसिटर (खरखर दाबणारा) लावावा. मात्र तो आर्मेचरच्या (वीज बाहेर देणाऱ्या) टर्मिनलवर लावावा, कारण फील्डच्या (चुंबकाच्या वेटोळ्याच्या) टर्मिनलवर लावल्यास डायनॅमोचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.