पाऊस लांबला की देशी रोपं मरतात, गाजरगवत माजतं? या चुका टाळा

दर पावसाळ्यात म्हसरूळच्या डोंगरावर, सिन्नरच्या माळावर लोक हौसेनं करंज, खैर, हिवर लावतात आणि पावसानं ओढ दिली की तीच रोपं माना टाकतात, शेजारी गाजरगवत मात्र हिरवंगार. पाणी कमी पडलं म्हणून सगळे मोकळे होतात, पण मातीतल्या बुरशी-जिवाणूंकडे कोणी बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नर्सरीतलं रोप आणून नुसत्या मुरमात लावणं. मुळांवर राहणारी मायकोरायझा बुरशी केसाहून बारीक धागे पसरवते आणि मूळ जिथं शिरत नाही त्या फटीतला ओलावा, फॉस्फरस झाडाला आणून देते, कोरड्यात देशी झाड तगतं ते बरंचसं हिच्या जोरावर. धूप झालेल्या मुरमात ती फार कमी असते. म्हणून जवळच्याच जुन्या निरोगी करंजाखालची, पाला बाजूला सारून, बारीक मुळांसकट ओंजळभर माती घ्या आणि खड्ड्यात मुळांना लागेल अशी टाका. भरपूर पावसाच्या इगतपुरीची माती कोरड्या सिन्नरला नेऊ नका बरं का, कोरड्याची सवय असलेले जिवाणूच कोरड्यात जास्त उपयोगी पडतात असं प्रयोगांत दिसलंय.

वर मूठभर सुपर फॉस्फेट तर नकोच. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला साखर पुरवणं कमी करतं, मग पाऊस थांबल्यावर तिची साथ मिळत नाही. बाविस्टीन या बुरशीनाशकाची विनाकारण आळवणीही बंद करा, त्यानं ही उपयोगी बुरशीही मरू शकते.

रानमोडी (बाहेरून आलेलं, माजणारं झुडूप) उपटली त्याच दिवशी तिथंच रोप लावायची घाई करू नका. पश्चिम घाटात झालेल्या आणि २००८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात रानमोडीच्या मुळांभोवती फ्युजारियम बुरशी साठते आणि ती देशी रोपांना मारक ठरते असं दिसलं होतं. माझं मत विचाराल तर तिथं आधी एक पावसाळा मारवेल, पवन्या ही देशी गवतं वाढू द्या.

रोज थोडं थोडं पाणी शिंपडलं की ओल वरच्या दोन बोटांतच राहते आणि ती गाजरगवताच्या बियांना पुरते, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोल मुरेल असं द्या. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं.

करंजाचं रोप पिवळं पडत असेल तर कडेची माती हलकेच उकरून मुळावरची एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर जिवाणू नत्र देतायत, हिरवट-करडी असेल किंवा गाठीच नसतील तर जुन्या करंजाखालची माती परत घाला. बहाव्याला मात्र गाठी येतच नाहीत, तिथं शोधत बसू नका.