एकट्याने कॅम्पर घेऊन निघताय? आधी इंजिनपर्यंत हात पोचतो का ते बघा

घरच्या घरी व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करायचा आणि एकट्यानेच कोकणात उतरायचं असं म्हणणारे पुण्यात हल्ली बरेच भेटतात, आणि जो तो आधी बेडचं माप विचारतो. माझं म्हणणं असं की एकही स्क्रू मारायच्या आधी, गाडी रस्त्यात बंद पडली तर मी एकटा, अंधारात, पाच मिनिटांत इंजिन, जॅक, स्टेपनी आणि फ्यूज बॉक्सपर्यंत पोचतो का हे ठरवा, आणि मग उरलेल्या जागेत घर बसवा.

हे मला दिवेआगरहून परत येताना कळलं. माणगाव सोडलं, विळ्याच्या पुढे ताम्हिणीचा चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. गाडी जुनी ओम्नी. ओम्नी घ्या नाहीतर इको, इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही, आणि मी नेमकं सीटला चिकटून भांड्यांचं कपाट बोल्टने फिट केलेलं, त्यामुळे सीट पुरती उचलताच येईना. गादी, पाण्याचा कॅन, शेगडी, कपड्यांची बॅग सगळं रस्त्याच्या कडेला काढलं, मग कपाट सोडवलं, यात दीड तास गेला. बिघाड काय होता तर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, होज (रबरी पाइप) तो आवळणाऱ्या क्लॅम्पजवळ चिरलेला. काम वीस मिनिटांचं.

आता काटा वर गेला तर काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथे चूक झाली तर इंजिन जातं किंवा हात भाजतो. एसी असेल तर पहिला तो बंद. गाडीत हीटर असेल तर फुल करा आणि काचा खाली घ्या, हीटरमधून गरम कूलंटच फिरत असतो त्यामुळे थोडी उष्णता तिकडून बाहेर पडते, पण हे फक्त सेफ जागा मिळेपर्यंत. वळणावर थांबू नका, सरळ रस्ता बघून कडेला घ्या, हॅझार्ड लावा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण बराच मागे ठेवा, चाकामागे दगड लावा आणि इंजिन बंद करा. मग किमान पाऊण तास काही करायचं नाही. रेडिएटरचं झाकण तर अजिबात उघडायचं नाही. आत प्रेशर असतं म्हणून पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की प्रेशर जातं आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. माझ्याजवळ थांबलेला टेम्पोवाला पण हेच म्हणाला, "दादा, घाई नको, आधी थंड होऊ दे." गरम इंजिनवर गार पाणी ओतणं हेही टाळा, इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा जाऊ शकतो.

थंड झाल्यावर जाड फडकं धरून झाकण हळू सोडा, मग गळती शोधा. होज टोकाला चिरला असेल आणि लांबी थोडी जास्त असेल तर चिरलेला इंचभर भाग ब्लेडने सरळ कापा, होज परत चढवा, क्लॅम्प आवळा. मधेच फाटला असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर तार, इलेक्ट्रिकची साधी टेप गरम होजवर टिकत नाही. अशा वेळी साधं पाणी भरलं तरी चालतं, फक्त घरी आल्यावर ते काढून कूलंट भरून घ्या. होज ठीक दिसला तर रेडिएटरच्या फॅनचा फ्यूज बघा, चढाला स्पीड कमी असतो, समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे फॅन बंद असेल तर ते घाटातच कळतं.

सामानात एक जास्तीचा होज, तीन-चार क्लॅम्प, फॅन बेल्ट, क्लच केबल, फ्यूज, हेडटॉर्च (हातातला नको, एकट्याला दोन्ही हात लागतात) आणि पाच लिटर पाणी जे प्यायच्या पाण्यात धरायचं नाही. पार्ट नाना पेठेत मिळतात, जुना पार्ट सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून आणलेला होज वाकडा निघू शकतो.

बांधणीचं थोडक्यात. प्लाय १२ एमएमचा पुरतो, ८ बाय ४ ची एक शीट साधारण २२-२५ किलो भरते, १८ एमएमची ३५ च्या आसपास, आणि हे वजन छोट्या इंजिनाला प्रत्येक चढावर ओढायचंय. सीट कायमची काढू नका, आरसीवरची माहिती आणि गाडी जुळली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचण येते. सगळं सुटं ठेवा, विंग नटने आवळलेलं, म्हणजे पाना न शोधता हाताने सुटेल. लाइट-पंख्याला वेगळी बॅटरी घ्या, गाडीच्या बॅटरीवर रात्रभर पंखा चालवला तर सकाळी सेल्फ लागणार नाही. १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लेड ॲसिड असेल तर वापरायला हिशोब ५० चाच धरा, जास्त उतरवली की लवकर खराब होते. वायर आणि फ्यूज तपकीर गल्लीत मिळतील, मेन फ्यूज बॅटरीला लागूनच हवा.

स्वयंपाक गाडीबाहेर. थंडी-पाऊस काहीही असो, बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा, भरलेला कॅम्पर नुसत्या ब्रेकवर धरला की ब्रेक तापून पकडायचे थांबतात. ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून पौडलाच घरी फोन करून कुठल्या रस्त्याने जातोय आणि कितीपर्यंत पोचणार ते सांगा. रेंज असेल तर मदतीला ११२, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३.

आणि निघायच्या आदल्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी पूर्ण भरलेली असताना, हेडटॉर्च लावून एकट्याने सीट उचला, जॅक काढा, स्टेपनी खाली घ्या, मोबाईलवर टाइम लावा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर जे मधे आलं ते त्याच रात्री सोडवून दुसरीकडे बसवा.